दोन ओळींचं उत्तर

१८ नोव्हेंबर, नांदेड
ज्यांच्या शेतीच्या ब्लॉगवर मी लिहितो, त्या मोईनभाईंनी तुरीच्या फुलगळीवरचा एका शास्त्रज्ञाचा लेख दिला. ब्लॉगसाठी सोपा करायचा. लोक मोबाईलवर ‘तूर फुलगळ उपाय’ शोधतात, म्हणून शीर्षक तेच. वर चौकटीत दोन ओळींचं उत्तर, काय अन् किती फवारायचं ते. शोधणाऱ्याला आधी तेवढंच दिसतं. मूळ लेखात वाक्यागणिक जर, तर, परंतु. लातूरच्या कॉलेजातले असंच बोलणारे ते सर आठवले, ज्यांच्यासमोर वही आपटून मी कायमचा बाहेर पडलो. डोकं सटकलं. सगळं छाटलं.
मोईनभाई: “अबे, वो ओल की बात? रान कोरडं असलं तर फवारू नका, ते?”
“खाली हाय की भाई. वाचतील.”

२१ नोव्हें.
शोधात आमचं उत्तर सगळ्यांत वर आलं. मोईनभाईंनी चहा पाजला. कॉलेजातल्या रेणुकाला कळवावं वाटलं. पण ती अजून लातूरला शिकतेय अन् मी हा असा. ब्लॉगवर नाव नसतं. मी काय लिहितो, तिला ठाऊकच नाही. एकदा काहीतरी बनलो की सांगेन, सगळंच सांगेन…

२९ नोव्हें.
रेणुकाचा फोन! स्वतःहून, महिन्यानं. खुशी दोन मिनिटं टिकली. निलंग्याला घरी आलीय. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, तुरीवर फवारलं. रान कोरडं. पानं करपली, होतं ते फूलही गेलं.
“कोण्या शहाण्यानं लिहिलं रे हे? मीच शोधून वाचून दाखवलं अण्णांना. दोन ओळी, इतकं सरळ लिहिलं होतं…”
खालचा पूर्ण लेख तिनं उघडलाच नाही. कशाला उघडंल? न उघडता भागावं म्हणूनच ती चौकट.
“अण्णा सकाळपासून रानातच बसून हायेत. त्याचंच लई लागतं.”
बघतो कोण हाय ते, म्हणालो. बघतो म्हणालो मी!

३० नोव्हें.
चौकट दुरुस्त केली. ओलीची अट सगळ्यांत आधी. खाली माझं नाव. शोधून पाहिलं, तर वर अजून जुन्याच दोन ओळी.
“टाइम लगता है,” मोईनभाई. “दोन-चार दिवस.”
तवर कुणाकुणाच्या रानात…

१ डिसें.
रेणुकाला सांगितलं. “म्हणजे तो शहाणा तू?” ती म्हणाली. मग, “मला सांगून मोकळा होऊ नको. अण्णांना येऊन सांग.” फोन ठेवला.

३ डिसें., निलंगा
एसटीनं आलो. अण्णा रानातच होते. सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती, खरं तर उलट बोलायचीही. अण्णा शिव्या देईनात. एक करपलेलं पान बोटांत चुरगाळत म्हणाले, “माझं झालं ते झालं. आणखी किती लोकांनी वाचलं असंल?”
आकडा मला पाठ होता. सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितला.
रेणुका बांधावर उभी होती. दोन्ही वेळा ऐकलं तिनं. घरी चल म्हणाली नाही. जा, असंही म्हणाली नाही.