तुझा गुलाबी, माझे गाल

प्रिय ताई,

तुला मराठी वाचायचा किती कंटाळा! लग्नपत्रिकासुद्धा अर्धी वाचून तू माझ्याकडे द्यायचीस, "रेणू, पुढचं सांग गं" म्हणत. म्हणून सोपं लिहिते. आणि भरभर लिहिते, कारण अकरा वाजता तारनाक्याहून तुझ्या सासरची मंडळी येणार आहेत. या वेळी माझ्यासाठी येतायत.

तुझं वर्षश्राद्ध मंगळवारी झालं. बुधवारी सकाळी आत्या घरी आली, चहासुद्धा न घेता तिनं पिशवीतून तुझा मेकअपचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तुझ्या सासूकडून मागून आणला होता.

"काय बघायलीस गं? उघड की. रविवारी जरा नीट तयार हो."

"आत्या, हा ताईचा आहे."

"मग? बहिणीचंच आहे की. वाया कशाला घालवायचं?"

डब्याबद्दल बोलतेय असं मला आधी वाटलं. मग आईनं मान खाली घातली आणि मला कळलं. तुझं घर, तुझी ओवी, भाऊजी. वाया कशाला घालवायचं! वर्षभर या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, तर मी समजत होते की सगळे दुःखात आहेत. दुःखात होतेच गं. पण वर्ष संपायची वाटही बघत होते.

आत्या आईला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी डबा उघडला. तुझी ती गुलाबी ब्लशची डबी अजून तशीच आहे. ब्रश फिरवून फिरवून मधोमध खड्डा पडलाय, खालचा पत्रा दिसतो. मी आरशासमोर बसले आणि तो ब्रश गालांवरून फिरवला. का फिरवला, मलाही सांगता येणार नाही. तुझा वास येत होता त्याला.

तुझ्या गालावर तो गुलाबी काय दिसायचा! आत्ताच कुणीतरी तुला हसवून गेलंय असं वाटायचं. माझ्या गालावर? फळा पुसून झाल्यावर कुणीतरी खडूचे हात माझ्या तोंडाला पुसल्यासारखा. मी आजारी दिसत होते, ताई. आणि नेमकी आई दारात आली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अगदी माझी शुभा."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मी तुझ्यासारखी जराही दिसत नव्हते. पण आईला तेच दिसत होतं, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की मी गाल पुसूही शकले नाही.

तिच्या मागून ओवी आली. निम्मा आठवडा ती आपल्याकडेच असते आता. चार वर्षांची झाली, मोठ्या बाईसारखी कमरेवर हात ठेवते. तिनं डबा पाहिला, मला पाहिलं.

"हा आईचा डबा आहे. विचारून घेतलास का?"

तूच शिकवलंस ना तिला, विचारल्याशिवाय कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही? मी म्हटलं, "नाही गं."

"मग विचार."

म्हणून हे पत्र. सगळ्या घरात तेवढ्या एका पोरीला वाटलं की तुला विचारायला हवं. तुला आणि मला, दोघींनाही कुणी विचारलेलं नाही.

आठवतं, डिग्रीच्या पहिल्या वर्षाला कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मी तुझी हीच डबी मागितली होती? तू दिली नाहीस. मला केवढा राग आला होता! तू माझ्या दंडाला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेलंस. "ट्यूबलाइटवर कधी विश्वास ठेवायचा नाही. रंग उजेडात बघायचा, आणि गालावर बघायचा, मनगटावर नाही." मग माझा गाल बोटांत धरून असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. "आता बघ. आत जो रंग आलाय ना, तो तुझा. माझा गुलाबी तुझ्यावर राख होतो."

"म्हणजे मी काळी म्हणून?"

"काळी आहेस म्हणून मजा आहे, वेडे. मी गडद काही लावलं तर कुणीतरी मारल्यासारखी दिसते. तू लाव की वीटकरी, जांभळट, काहीही. डबीत बघून भीती वाटेल असाच रंग तुझ्या गालावर खरा दिसेल. कॉलेजात शिकतेस, एवढं कळत नाही?"

कॉलनीतल्या कितीतरी मुलींना तू लग्नाच्या दिवशी तयार केलंस. प्रत्येकीला आधी म्हणायचीस, "रोज कशी राहतेस ते सांग, मग ठरवू." रोज वेणी घालून साधी राहणाऱ्या मुलीला तू कधीच चकचकीत केलं नाहीस. नवरदेवानं दुसऱ्या दिवशी ओळखली पाहिजे ना, असं म्हणून हसायचीस. लोकांच्या मुलींची इतकी काळजी केलीस आणि स्वतःच्या बहिणीला कुठे सोडून गेलीस गं?

रागावू नकोस. पण एक विचारायचंच आहे. हॉस्पिटलात ताप उतरत नव्हता, तू माझा हात धरून म्हणालीस, "ओवीकडे लक्ष दे." मी हो म्हटलं. आई होती, आत्या होती, तुझी सासू होती. आज ते वाक्य या घरात कायदा झालंय. "शुभाचीच इच्छा होती," असं आत्या ज्याला त्याला सांगते. ताई, तुझ्या मनात खरंच हेच होतं का? की तू फक्त, बहीण बहिणीला म्हणते तसं म्हणालीस? अजून एक वाक्य बोलली असतीस तर! एकच!

मी बोलून पाहिलं. नाही असं नाही. आत्याला म्हटलं, "मला बी.एड. करायचंय, पक्की शिक्षिका व्हायचंय."

"कर की. लग्नानंतर कर. कोण नको म्हणायलंय?"

"भाऊजींना मी भाऊजीच मानते."

"सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड जातंय बाई. घरातला माणूस, देखलेला, निर्व्यसनी. बाहेरचा कसा निघंल कुणाला ठाऊक?"

"मला नकोय हे लग्न, आत्या."

तेव्हा ती माझ्या जवळ सरकली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "नको म्हण. कुणी बांधून नेणार नाही तुला. मग ते दुसरी आणतील. ती परकी बाई तुला ओवीच्या जवळ येऊ देईल? वर्षातून एकदा तिच्या वाढदिवसाला बोलावतील, ते पण त्यांच्या मनात आलं तर. शिकलेली हाईस, तूच विचार कर."

यात खोटं काहीच नाही, हेच तर वाईट आहे. एखादा माणूस दुष्ट असता तर मी त्याच्याशी भांडले असते. इथे सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवतायत आणि एकेक दार लावून घेतायत. कॉलेजात 'मुलींचा निर्णयाचा हक्क' या विषयावर मी भाषण केलं होतं, बक्षीस मिळालं होतं, आठवतं? घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. तेच बाबा बुधवारपासून माझ्याकडे बघत नाहीत. एकदाच म्हणाले, "तुला शिकवलंय बाळा, तू समजून घेशील." शिकले ते समजून घेण्यासाठी होय?

शुक्रवारी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी घरी न येता हिमायतनगरला उतरले. का, ते बसमध्ये मलाही स्पष्ट नव्हतं. रविवारी मी लोकांसमोर बसणार, तर निदान स्वतःच्या तोंडानं बसेन, एवढंच डोक्यात होतं. मेकअपच्या दुकानात शिरून ब्लश बघायचाय म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीनं पहिल्यांदा काय काढलं असेल? तुझाच गुलाबी.

"दीदी, शादी का है क्या? येइच लेलो. सब दुल्हनां येइच लेते."

"मेरे पे राख जैसा दिखता ये."

"नै दिखता, हल्का लगाना."

मी दाखव म्हणून सांगितलेले तीन गडद रंग तिनं नाइलाजानं काढले. एक उजव्या गालाला लावला, एक डाव्या, आणि मी दाराकडे निघाले.

"बाहर कायको जारे मॅडम? अंदर इत्ते लाइटां हैं!"

"धूप में देखती."

"धूप में कौन देखता जी मेकप?"

फूटपाथवर उभी राहून मी फोनच्या कॅमेऱ्यात बघत होते. एका गालावर मरून, एका गालावर नारिंगी. ऑटोवाले हसत होते. नारिंगी गालावरच तरंगत होता, माझा होत नव्हता. मरून भारी होता, माझ्या सुती कुर्त्यांना आणि बसच्या धावपळीला तो जड झाला असता. पुसले, आत जाऊन तिसरा लावला आणि पुन्हा उन्हात आले. वीटकरीत जांभूळ कुस्करून घातल्यासारखा. चमक अजिबात नाही. बोटानं टिपायचा, ब्रशचीही गरज नाही. आणि ताई, तो दिसेनासा झाला! म्हणजे रंग दिसेना, मीच दिसायला लागले. जिने चढून आल्यावर, वर्गात शिकवताना रंगून गेल्यावर मी जशी होत असेन, तशी.

ती मुलगी कुतूहलानं बाहेर आली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "हौ! ये जचरा. डब्बे में तो जली ईंट दिखरा था!"

तिथे रस्त्यावर मला हसू आलं आणि लगेच रडू. हे सांगायला मी कुणाकडे जाऊ?

काल संध्याकाळी भाऊजी ओवीला न्यायला आले. मी तिची पिशवी घेऊन खाली गेले. ओवी स्कूटरवर पुढे उभी राहून हॉर्न वाजवत होती. ते बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडत-लावत राहिले.

"रेणू, तो डबा... उद्या तो लावू नकोस."

"नाही लावणार."

"आत्यांनी मागितला, आईनं देऊन टाकला. मला नंतर कळलं." मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? घरात कुणीतरी हवंय मला. पण तू आलीस तर मी रोज तुझ्यात शुभाला शोधत बसेन. तुझ्यावर अन्याय होईल तो."

माझा जीव भांड्यात पडला. "मग तुम्हीच सांगा ना घरी!"

"आईपुढे माझं तोंड उघडत नाही गं. ओवीचं करून ती थकलीय. तू सांग. तू शिकलेली आहेस, तुला बोलता येतं."

म्हणजे पुन्हा मीच! ओवी हॉर्न वाजवत होती, वरच्या गॅलरीतून आपली आई कौतुकानं बघत होती. आम्ही दोघं बोलताना तिला दिसलो ना! आज पहाटेपासून ती गुणगुणत पोह्यांसाठी कांदा चिरतेय. तू गेल्यापासून तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. ते गुणगुणणं मी बंद करणार आहे, ताई. हे सगळ्यात अवघड आहे.

मघाशी मी आवरलं. पिवळा सुती कुर्ता, नेहमीची वेणी, आणि माझा रंग. आईनं पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"हे काय लावलंस? शुभाचा गुलाबी कुठाय?"

"तो ताईचा आहे, आई. मला नाही जमत."

"यात काळी दिसतेस."

"काळीच आहे ना मी."

ती सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. वर्षभरात पहिल्यांदा ती मला बघत होती असं वाटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "रेणू, काय करणार आहेस तू?"

मी सांगितलं नाही. तुला सांगते.

मी नाही म्हणणार आहे. बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, साध्या मराठीत. भाऊजींचं नाव पुढे करणार नाही, तुझंही करणार नाही. मला नको आहे, एवढंच सांगेन. आवाज चढवणार नाही. रडणार नाही म्हणत होते, पण त्याची खात्री देत नाही.

त्यानंतर काय होईल ते मला ठाऊक आहे. ओवीला इकडे पाठवणं बंद होईल. आत्या बोलायची नाही, बाबा अजूनच गप्प होतील. तरी ऐक, तुझा हात हातात धरून हो म्हटलं होतं ते मी मोडणार नाही. शनिवारी मी तारनाक्याला जाईन आणि बेल वाजवीन. तुझी सासू विचारेल, आता कशाला आलीस? मी म्हणेन, ओवीला भेटायला. दार लावलं तर पुढच्या शनिवारी परत वाजवीन. उद्या त्या घरात दुसरी कुणी आली तर तिलाही नमस्कार करून सांगेन, मी ओवीची मावशी, आत येऊ का? तिनं नको म्हटलं तर जिन्यात बसेन. कधीतरी पोरगी बाहेर खेळायला येईलच की. लहानपणी तुझ्या मैत्रिणींच्या मागे मी कशी चिकटायचे ते तुला माहीत आहे. हाकललं तरी जात नव्हते.

खाली गेट वाजलं. ओवी जिन्यावरूनच मला हाका मारतेय. जाते, ताई.

तुझी धाकटी,
रेणू