सुविधाचा प्रोग्राम आणि माझी अक्कल

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

सूनबाईचा, सुविधाचा, प्रोग्राम अडला! सकाळपासून लॅपटॉपला नाक लावून बसलीय. हरमल किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या खोल्या मोबाईलवर बुक करायचा प्रोग्राम. सोमवारी चालला नाही तर काम पुण्याच्या कुणाकडे जाणार, आणि हिची नोकरीही. अडलं कशावर? दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार तुकडा — लायब्ररी म्हणतात म्हणे त्याला. बुकिंगच्या भागाला तो जुना हवा, बिलाच्या भागाला नवा. आत एकच मावतो.

म्हटलं, "जुना ठेव गो."

"मग बिल बंद पडतं, आई."

"तर नवा ठेव."

"मग बुकिंग बंद."

शिकलेल्यांचे नखरे!

१० ऑक्टोबर

बांगड्याचं हुमण केलं, नारळाच्या रसातलं, तिरफळं घालून. सुविधा म्हणते, "निहारला तिखट सोसत नाही, त्याचं वेगळं करूया?" करूया म्हणे! या घरात टोप एकच चढतो. माझा परेश याच हुमणावर वाढला, आज मोपाच्या विमानतळावर नोकरी करतो. जीभ जळून मेला नाही.

नातू चहात पावाचा उंडो बुडवून जेवला.

११ ऑक्टोबर

नवा घातला — बुकिंग मेलं. जुना घातला — बिल मेलं. परेश बायकोच्या मागे उभा राहून मान डोलावतो. कळत काय नाही! बाप तसाच होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सुविधा रडली. मला रडणं बघवत नाही, वैताग येतो. म्हटलं, "माझं नि माझ्या जावेचं, आनंदीचं, कधी पटलं? तिला हुमणात कोकमाची सोलं हवी, मला चिंच. सासऱ्यांनी तिला पडवीत चूल मांडून दिली. चवथीचा गणपती तेवढा एक. भांडण मिटलं! तुझ्या त्या दोघांना दे एकेक चूल, आणि पूस डोळे."

सुविधा ताठ बसली. "आई... दोन भाग सुटे करायचे. ज्याची लायब्ररी त्याच्यापाशी. मध्ये फक्त निरोप!"

"मग चार दिवस काय माशा मारत होतीस?"

ऐकलं कुठे. टकटक सुरू.

१३ ऑक्टोबर

चालला! साहेबाने फोनवर शाबासकी दिली — तिला. माझं, चौथी शिकलेल्या कमलाक्षीचं, नाव कुणी काढलं नाही.

१६ ऑक्टोबर

सुविधाने पडवीत आपला वेगळा गॅस मांडला. "आई, तुम्हीच म्हणालात ना?" सिलिंडर परेशने आणला. मान खाली घालून.

गणपती तरी एकच ना — विचारायचं होतं.

हुमण नेहमीसारखं चौघांचंच रांधलं.