फेरसामन्याची चौकट

५ नोव्हेंबर, बुधवार
पुणे! चिठ्ठीत पुणे निघालं. आमच्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कामगारांचा संघ राष्ट्रीय फुटबॉल चषकाच्या मुख्य फेरीत, आणि समोर पुण्याचा पगारी खेळाडूंचा क्लब. रविवारी १६ तारखेला, त्यांच्याच मैदानावर. लालसाबचा फोन आला. टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो, आणि बारा वर्षं या संघाचा कोच आहे. "साहेब, लई मोठं नाव निघालं की! पोरं नाचाय लागलीत."

६ नोव्हेंबर, गुरुवार
"स्पर्धा कशी चालते ते वाचकांना समजावून सांगा. दोनशे शब्द, सहापर्यंत." – आमच्या संपादक, राजश्रीबाई.
पाच पन्नासला दिले! तीन वर्षांपूर्वी छापलेली माहितीची चौकट उघडली, तारखा बदलल्या. लीगमध्ये हरलं तरी पुढचा आठवडा असतो. इथे नसतो, हरला तो घरी. लहान संघ जिल्हा, मग राज्य असं झगडत वर येतात, बडे क्लब थेट मुख्य फेरीत उतरतात. चौसष्ट संघ, मग बत्तीस, मग सोळा. चिठ्ठीत ज्याचं नाव आधी, मैदान त्याचं. आणि शेवटची ओळ – बरोबरी झाली तर दुसऱ्या संघाच्या गावी फेरसामना. म्हणजे पुण्यात नुसती बरोबरी केली की पुणेवाले सोलापुरात! ही ओळ लिहिताना फार बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
सरावाला गेलो. पहिली पाळी सुटल्यावर पोरं थेट मैदानावर येतात, केसांत सुताची पिंज तशीच. लालसाबनं माझी चौकट कापून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. तीच वाचून दाखवत होता. "जिंकायचं न्हाय. हरायचं न्हाय, एवढंच! मंग त्यास्नी हितं आनू."
फरहान, त्याचा सगळ्यात चांगला खेळाडू, म्हणाला, "चाचा, जिंकलो तर माफ कराल न्हवं?"
"करतो की. पन कार्ड खाऊ नको. तू हितल्या सामन्याला पायजेस."

१६ नोव्हेंबर, रविवार. पुणे
लिहवत नाही. तरी लिहितो.
पाऊण तासाच्या आत एक गोल खाल्ला. उत्तरार्धात फरहाननं फेडला. काय मारला! एकोणऐंशीव्या मिनिटाला त्याला पिवळं कार्ड. आणखी एक मिळालं असतं तर लाल, म्हणजे पुढचा सामना बंद. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला लालसाबनं त्याला बाहेर काढलं. सोलापूरसाठी राखून ठेवला.
शिटी वाजली. १–१. आमची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. पंच मात्र पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवत होता.
लालसाब वळून पत्रकारांच्या बाकांकडे बघायला लागला. माझ्याकडे. हातानं विचारलं, काय? मला तरी कुठे माहीत होतं?
बाहेर काढलेल्या खेळाडूला पेनल्टी मारता येत नाही. फरहान बूट काढून बसला होता. जिल्ह्यात, राज्यात त्याची एकही पेनल्टी चुकलेली नाही. हरलो, ४–३.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नियमावली आज वाचली. आज! फेरसामने यंदापासून बंद. बरोबरी झाली की थेट पेनल्टी. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघ-व्यवस्थापकांच्या बैठकीत तोंडीही सांगितलं होतं. आमचा संघ तेव्हा पाळीवर होता, सकाळच्या गाडीनं पोचला.
स्टेशनवर फरहान भेटला. "काका, पेनल्टी तुमचा पेपर मारनार होता काय?"


१८ नोव्हेंबर, मंगळवार
खुलासा लिहिला. चार ओळी. एकतीस वर्षांत इतका वेळ चार ओळींना लागला नव्हता.

१९ नोव्हेंबर, बुधवार
राजश्रीबाई म्हणाल्या, "कुणी तक्रार केलीय?" नाही म्हटलं. "मग कशाला उकरायचं? सामना तर झाला."
मी भांडलो नाही. कागद खिशात घातला. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
क्लबची बैठक. लालसाबला ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय. मी वही घेऊन मागच्या खुर्चीत.
एक जण म्हणाला, पेपरातच चुकीचं आलं होतं. अध्यक्ष शरणप्पांनी हात झटकला. "पेपरवाले कायबी लिवत्यात. संघटनेचं नव्या नियमांचं पत्रक आलतं का न्हाई, तेवढं सांग, लालसाब."
"आलतं."
"मग वाचलं का न्हाईस?"
तो पायाजवळच्या फरशीकडे बघत राहिला. एकदाही मान वळवून माझ्याकडे पाहिलं नाही.
मी उठायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं – निम्मी चूक माझी. पेन हातात होतं, लिहीत राहिलो. सात विरुद्ध दोन. बारा वर्षं संपली.
बाहेर तो सायकलचं कुलूप काढत होता. म्हणालो, "लालसाब, माझं चुकलं."
"जाऊ द्या साहेब. फरहानकडं ध्यान ठिवा. त्याच्याबद्दल लिवा कायतरी."

२४ नोव्हेंबर, सोमवार
बातमी आली. 'पराभवाची जबाबदारी, प्रशिक्षक पदमुक्त.' माझीच. पाच चाळीसला दिलेली.
दिवसभर स्वतःला समजावतोय. पत्रक त्याच्या हातात होतं. अधिकृत कागद सोडून पेपरावर विसंबायचं कशाला? मी चुकलो, पण वाचायला तर त्यानंच हवं होतं. असं म्हटलं की घटकाभर बरं वाटतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
फरहानवर लिहायला घेतलं. फोटो हवा होता, म्हणून लालसाबचे जुने मेसेज वर वर सरकवत गेलो. ६ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. पत्रकाच्या चारही पानांचे फोटो. खाली त्याचं – "साहेब, हे इंग्रजीत हाय. आमच्यात कुनाला नीट कळत न्हाय. काय बदललंय का, तेवढं वाचून सांगा."
चार एकोणीसला माझं उत्तर आहे. "वाचलं. काही बदल नाही."