आईच्या रकान्यात ताई

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी खुशाली शेवटी विचारतो, आधी भांडतो.

काल आपल्या धाकटीची लेक भिंगरी तुमच्या शाळेत घसरगुंडीवरून पडली. हनुवटीला तीन टाके. धाकटी शिवणकारखान्यातून धावत गेली, तर शिपायाने तिला चाळीस मिनिटं फाटकाबाहेर उभं केलं. कारण दप्तरी ती पोरीची मावशी आणि आई तू. तू प्रशिक्षणाला परगावी, आणि मावशीच्या ताब्यात पोर देत नाहीत म्हणे. शेवटी वर्गाच्या बाईंनी पोरीला दवाखान्यात नेलं. जन्म देऊन सहा वर्षं एकटीने वाढवणारी मागून पायी गेली.

प्रवेशाच्या अर्जावर साक्षीदाराची सही माझी. मी वजनकाटे दुरुस्त करणारा. केसभर फरक असला तरी काटा दुकानाबाहेर जाऊ देत नाही, आणि तू भरलेला कागद म्हणून न वाचता सही ठोकली. चौथीत शाळा सुटल्यावर सगळं आपल्या जोरावर शिकलो, पण तुझं लिहिलेलं तपासायची हिंमत कधी झाली नाही. सोमवारी जाऊन ते बदलून घेणार.

गुडघे कसे आहेत?

तुझा भाऊ

ता. ७ ऑगस्ट

चि. काटेवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघे दुखतात, तुझ्या पत्राने जरा जास्तच. मी काय मिरवायला आई झाले? लग्नावाचून झालेल्या पोरांबद्दल आमच्या शिक्षकांच्या खोलीत काय बोलतात, ते वीस वर्षं ऐकते आहे. भिंगरीच्या वाट्याला ते नको, म्हणून माझं आणि तुझ्या भावोजींचं नाव घातलं. धाकटीने मान हलवली होती, तिला विचार. कागद तू सरळ करशील रे, पण उद्या वर्गात पोरीशेजारी कोण बसणार? गुरुवारी येते, तोवर थांब.

तुझी हेकट ताई

ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

थांबलो नाही. धाकटीला विचारलं. म्हणाली, तेव्हा मान हलवण्यावाचून तिला दुसरं काही ठेवलंच नव्हतं.

तिला घेऊन शाळेत गेलो. आईच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव आपल्या हाताने लिहिलं. बापाच्या रकान्यात ‘मयत’ घाला, सोपं जाईल, असं मुख्याध्यापक सुचवू लागले. मी सांगितलं की तो गृहस्थ धडधाकट आहे, बाजारात पंखे विकतो, परवाच शिट्टी वाजवत जाताना दिसला. मरायचे कष्ट त्याने स्वतः घ्यावेत. त्याला कुणी कुठे अडवत नाही, काही विचारत नाही, आणि वर आम्हीच त्याला मोकळं करायचं? तिथे आडवी रेघ मारून घेतली.

तुझं म्हणणं मात्र खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी उठून मागे जाऊन बसली. भिंगरीने घरी येऊन ऐटीत सांगितलं की आता अख्खा बाक तिचा. धाकटी हसली, आणि मग बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिली.

परतलीस की आधी तिच्याकडे जा. लोभ आहे, राग सध्या त्याहून थोडा जास्त.

तुझा भाऊ