आधी विस्तव, मग पाणी

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघे सोडले तर आईही बरी आहे. तू बरा असशील असं धरून चालते. आधी घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना दोघांसमोर एकच गोष्ट असेल.

१. त्या रविवारी सकाळी वखारवाला टेम्पो घेऊन आला. टेम्पोत विजेच्या जुन्या लाकडी खांबांचे तुकडे होते. कीड लागू नये म्हणून औषध पाजलेले खांब.

२. असलं लाकूड आपल्या गरम पाण्याच्या टबांत बसवलेल्या भट्ट्यांमध्ये जाळायचं नाही, असं तुझं-माझं ठरलेलं होतं. तू ते उतरवून घेतलंस आणि मधल्या टबाच्या भट्टीत घातलंस.

३. त्या टबात पाहुणे होते. नवरा-बायको आणि दोन मुली. धाकटी खोकायला लागली.

४. मी त्यांना पाण्यातून बाहेर यायला सांगितलं. कशासाठी, तेही सांगितलं.

५. ते खोलीत सामान बांधत असताना तू टबाचं बूच काढलंस. भट्टी पेटलेली होती.

६.

७. वखारवाला टबात पडला. पाणी तोवर भट्टीच्या निम्म्याखाली गेलं होतं. त्याचा उजवा हात आणि बरगड्यांची बाजू भट्टीच्या तापलेल्या पत्र्याला लागली.

८. तू मोटारसायकल काढून निघून गेलास.

सहावा मुद्दा मी विसरलेले नाही. तो खाली कुठेतरी येईल.

तू आत्याकडे आहेस हे मला कोणी सांगितलेलं नाही. आईने परवा तिला फोन केला तेव्हा मी शेजारी बसले होते. आत्या म्हणाली, “इथे कुठला यायला तो? महिनोन् महिने तोंड दाखवत नाही मेला.” आणि मागे कोणीतरी लागोपाठ तीन वेळा शिंकलं. आपल्या घराण्यात तशा शिंका तुलाच येतात. आईने माझ्याकडे बघितलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

घरची बातमी अशी. तिन्ही टब बंद आहेत. मधल्याची भट्टी एका सांध्यावर फाटली आहे, कारण आत विस्तव आणि बाहेर पाणी नाही. लोखंडाचं काय होतं ते तुला सांगायला नको. कडेच्या दोन फळ्या काळ्या पडल्या आहेत. फाटकावरची तुझी पाटी, ‘येथे फक्त पर्यावरणपूरक लाकूड वापरले जाते’, मी उतरवून ठेवली आहे. मोडलेली नाही. ज्या दिवशी ती खरी होईल त्या दिवशी परत लावू.

लाकडाची चळत मी वेगळी केली. खांबांचे तुकडे, रंगवलेली दारं आणि प्लायचे कापलेले काठ एका बाजूला, ताडपत्रीखाली. ते परत जाईल. उरलेल्यातले ओंडके फोडून आतल्या ताज्या भागाला ओलावा मोजायचा मीटर लावला. बाहेरून लावला तर कुठलंही लाकूड कोरडंच दिसतं. जाळण्याजोगं फार थोडं निघालं. आई आतापर्यंत भट्टीची राख पालेभाजीच्या वाफ्यात टाकत होती. मी वाफा उपटायला लावला आणि वरची माती पोत्यांत भरून घेतली. खांबांना पाजलेल्या औषधात तांबं असतं आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतो. लाकूड जळतं, सोमल जळत नाही. तो राखेत उरतो, धुरात जातो, आणि आपण पाहुण्यांना सांगतो, दीर्घ श्वास घ्या, डोंगराची हवा आहे. त्या दिवशी ज्वाळेला हिरवी कड होती. मी तुला ती दाखवली. तू म्हणालास, “छान दिसतेय की! फोटो काढ.”

इंधनाबद्दल मी जे ठरवलं होतं ते तुला पाहुण्यांसमोर, घाईत आणि चढ्या आवाजात ऐकावं लागलं. म्हणून पुन्हा सांगते. मागच्या उतारावरची आपली झाडं बुंध्याशी कापली की पुन्हा फुटतात. उताराचे आठ पट्टे करायचे आणि दर वर्षी एकच कापायचा. आठ वर्षांनी पहिला पुन्हा हाताशी आलेला असतो. कापलेलं फोडून, छपराखाली, दोन उन्हाळे वाळवायचं. तोवर सुतारांकडच्या कोऱ्या लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या. लांबून ट्रक नाही, खांब नाहीत, दारं नाहीत. टब तापायला वेळ थोडा जास्त लागेल, पण धूर जवळजवळ दिसणार नाही. या बेतात करवत चालवायला एक माणूस लागतो. मी ती जागा तुला धरूनच सगळं मांडलं होतं. अजूनही खोडलेलं नाही.

माझं खाणं सध्या पातळ चाललं आहे. आई सगळं वाटून, गाळून, नळीने पिता येईल असं करते. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधले आहेत. डॉक्टर कात्री माझ्या खिशात ठेवायला सांगून गेले. उलटी झाली तर तार कापायची, नाहीतर गुदमरेन. आई ती कात्री सारखी काढून घेते. तिला वाटतं मी स्वतःला काहीतरी करेन. मी तिला शाळेच्या जुन्या दगडी पाटीवर लिहून दाखवलं, ‘मला काही करायचं नाही.’ ती म्हणाली, “तुझ्या मनाचा कधी थांग लागलाय?”

मी वखारवाल्याला भेटून आले. आईला सांगितलं नव्हतं. भाजलेल्यांच्या वॉर्डात खिडकीपाशी त्याची खाट आहे. उजवा हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत, पट्ट्या पिवळ्या झालेल्या. वास तुला सांगत नाही. मला बघून तो हसला. तो माणूस कधी हसायचं सोडत नाही, हे त्याच्याबद्दल मला पहिल्यापासून आवडलेलं नाही.

“या, ताई, बसा. तुम्हाला बोलता येत नाही, मला हलता येत नाही. चांगली जोडी जमली.”

मी बसले.

“मीटर आणलाय का? लावून बघा मला. ओला निघालो तर परत पाठवा.”

मी पाटीवर लिहिलं : दुखतंय का?

“नर्सबाई पट्टी बदलायला येतात तेव्हाच. बाकी वेळ नुसतं जळतं. लाकूड मी वाईट आणलं. कबूल. तुमच्या दादाला मी म्हणालो होतो, शेठ, हे कुंपणाला लावा, जाळू नका. पण विकलं मीच. त्याची शिक्षा असेल तर ती मला द्या. मी तुमच्या अंगाला हात लावला म्हणतात, ही शिक्षा कशाची? पोलीस म्हणाले, इथून सुटलास की सरळ तिकडे. माझी पोरगी खाली बाकावर बसलेली असते. डबा पाठवते, वर येत नाही. तिला पण कोणीतरी हेच सांगितलंय.”

उतरताना मी तिला बघितलं. माझ्याच वयाची असेल. माझा बांधलेला चेहरा बघून ती उठून उभी राहिली आणि हात जोडले. बापाच्या वतीने माझी माफी मागत होती. मला बोलता आलं नाही. पाटी पिशवीत होती. ती काढेपर्यंत मुलगी बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती.

आता सहावा मुद्दा.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली. आपण मधल्या टबाच्या ओट्यावर होतो. माझ्या हातात दोन लाकडं होती. मघाशी त्या पाहुण्यांना फरक ऐकवायला घेतली होती : ओलं लाकूड आपटलं की भद्द वाजतं, कोरडं टण्ण. तू म्हणालास, “निघाली मोजपट्टी! धंदा बुडवून मोज आता पाणी.” मी म्हणाले, बूच लाव, भट्टी पेटलेली आहे. तू म्हणालास, “मला शिकवू नकोस.” मी खाली वाकले, बूच स्वतःच लावायला. तू माझ्या हातातलं एक लाकूड ओढून घेतलंस. मी वर बघितलं. तू मारलंस.

ते कोरडं होतं. आवाजावरून कळलं. निवड बरोबर होती एवढं समाधान आहे.

मी गुडघ्यावर होते. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा. तू लाकूड पुन्हा उचललंस, दोन्ही हातांनी, डोक्यावर. वखारवाला टेम्पोपाशी दोर गुंडाळत होता. तो दोर टाकून पळत आला, “अहो शेठ, बहीण आहे ती! मारून टाकाल!” असं ओरडत, आणि मागून तुझं मनगट धरलं. माझ्या अंगावर कोणी धावून आलं नव्हतं. तुझ्या अंगावरही नाही. एका माणसाने दुसऱ्याचं मनगट धरलं, एवढंच झालं. तू वळलास, लाकूड त्याच्या कानशिलावर मारलंस आणि त्याला छातीवर ढकललंस.

सातव्या मुद्द्यात मी ‘पडला’ असं लिहिलं आहे. आईसमोर बसून लिहीत होते म्हणून. तो पडला नाही. आणि पडल्यावर तो लगेच उठत होता, दादा. डाव्या हाताने टबाची कड धरून उठत होता. तू ओट्यावर उभा होतास. तू त्याच्या खांद्यावर बूट ठेवलास आणि दाबलंस. तो भट्टीला टेकला तरी दाबून धरलंस. तो ओरडायचा थांबला तेव्हा तू पाय काढलास. त्याचा शर्ट पत्र्यावरच राहिला. अजून आहे. मी खरवडून काढलेला नाही, आणि कोणाला काढू दिलेला नाही.

तू पळालास तेव्हा विस्तव मी बाहेर ओढला. वखारवाल्याला मी आणि आईने टबाबाहेर काढलं. आईचे गुडघे त्या दिवसापासून जास्त दुखतात.

हे सगळं आईने बघितलं आहे. तरी तिने पोलिसांना सांगितलं की वखारवाला माल परत केला म्हणून चिडला, त्याने मुलीला मारलं, मुलगा सोडवायला गेला आणि झटापटीत वखारवाला घसरला. मला ती रोज सांगते, “तुला कुठे बोलायचंय? हवालदार विचारेल, ह्याने मारलं का? तू नुसती मान हलव. तोंड बांधलंय, जास्त छळणार नाहीत.” मी पाटीवर लिहिते, ‘त्याने मला वाचवलं.’ ती पदराने पाटी पुसते. “तो काय धुतल्या तांदळासारखा आहे का? विष विकणारा माणूस! आणि तुझा भाऊ एकच आहे.”

विष विकणारा आहे, हे खरं आहे. भाऊ एकच आहे, हेही खरं आहे. यातलं काहीही सहाव्या मुद्द्याच्या आड येत नाही.

तुला एक आठवण करून देते. पहिला टब आप्पांनी बसवला तेव्हा तू शाळेत होतास आणि मी ओट्यावर बसून पाय हलवायची. आप्पांचा एकच नियम होता : आधी विस्तव काढायचा, मग पाणी सोडायचं. तू एकदा उलटं केलंस. आप्पांनी तुला लाकडाने मारलं, तुझ्या गळ्याखालचं हाड मोडेपर्यंत. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, “पायरीवरून पडलास का?” आप्पांचा हात तुझ्या मानेवर होता. तुझी मान हलली. परत येताना तू मला म्हणालास, “मी मोठा झालो ना, की सगळ्यांना सांगणार.” आप्पा गेले, तू मोठा झालास, तू कोणालाच सांगितलं नाहीस. त्या वेळी तुझी मान कोणाच्या हाताने हलली हे तुला माहीत आहे. आता आई माझ्या मानेवर हात ठेवते आहे. तुझ्यासाठी.

मी मान हलवणार नाही. तोंड बांधलेलं आहे, हात मोकळे आहेत.

सोमवारी, २२ तारखेला सकाळी हवालदार माझा जबाब घ्यायला घरी येणार आहे. मी तो लिहून देणार आहे, आठच्या आठ मुद्दे, सातवा दुरुस्त करून. तो माणूस दवाखान्यातून सरळ तुरुंगात जाणार नाही आणि त्याची मुलगी जिना चढून वर जाईल, एवढं माझ्याकडून नक्की होईल. पण तू आधी येऊन स्वतः सांगितलंस, तर तुझ्या विरुद्ध मी बोलले असं होणार नाही. तू बोललास आणि मी खरं आहे म्हणाले, एवढंच होईल. त्याने शिक्षा टळणार नाही. टळावी असं मला वाटतही नाही. ती भोगून तू परत आलास की उतारावर करवतीचं काम असेलच. पट्टे आठ आहेत.

येणार असशील तर मी तुझ्याबरोबर चौकीपर्यंत चालत येईन. आईचं मी बघते.

कृपा करून शनिवार, २० तारखेपर्यंत मला उत्तर पाठव. हो किंवा नाही, एका शब्दात चालेल.

तुझी,
मोजपट्टी