पांढऱ्या पेशींची तपासणी

३ जुलै, कोंढा
चैतूला परत ताप. डोळे पिवळे. उभी केली की गुडघे वाकतात. होळीला पळत होती पोरगी. हे तलावावरून जाळं न टाकताच आले. भंडाऱ्याला नेलं, रक्त चढवलं. माझ्या पोटात दुसरं आहे, त्याची आठवणच कोणाला नाही. मलाही नाही.

९ जुलै
नागपूर. डॉक्टरीणबाई फार शांत बोलतात, त्याचीच भीती वाटली. पेशी साखर मोडून जगतात, ती मोडणारं एक एन्झाइम हिच्यात कमी असावं म्हणाल्या. ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज. "लाल पेशी आता दुसऱ्याच्या, चढवलेल्या. त्यात तपासलं तर फसू. हिच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून बघू." आमचंही रक्त घेतलं. मग विचारलं, नात्यातलं लग्न आहे का?
सासू माझी सख्खी आत्या.

१६ जुलै
डॉक्टरीणबाईंनी नात्याचं विचारलं, ते यांनी आत्याला सांगून टाकलं. भाजी निवडता निवडता थांबली. "मीच मागून आनली तुले. भावाची पोरगी परक्या घरी कायले द्यावं म्हनलं." मीही भाजी निवडायला बसले.
चैतू खोकली की दोघींचे हात थांबतात.

२८ जुलै
रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशींतही तेच, फारच कमी. म्हणून सारखा ताप, छाती भरणं. पाय पण त्यानंच. औषध? "हे भरून काढणारं आज तरी नाही. जपायचं. लागलं की रक्त द्यायचं."
आम्हा दोघांत ते एन्झाइम अर्धं अर्धं आहे, म्हणून आम्ही धडधाकट. पोटातल्याला चारात एक धोका.
बसमध्ये यांना विचारलं, पोटातल्याचं तपासायचं का?
"तपासून काय करशीन?" मग खिडकीकडे तोंड करून, "मले भेव लागून राहिलं."

२ ऑगस्ट
आत्या म्हणते, "नोको पाहू. देवानं झाकून ठेवलं ते."
"चैतूचंही झाकूनच होतं ना, आत्या?"
उठून गेली. पाहिलं तर चैतूच्या पायांना तेल चोळत बसलेली. इतकं लागेल असं बोलायचं नव्हतं.

७ ऑगस्ट
पोटात सुई घालून बाळाच्या वारेचा बारका तुकडा तपासायला काढला. आत्या हट्टानं सोबत. डोळे गच्च मिटून माझा हात धरलेला, घाम तिलाच. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. बाळाच्या छातीचा ठोका लुकलुकत होता.

१९ ऑगस्ट
फोन आला. रिपोर्ट तयार आहे, दोघं या, फोनवर सांगत नाहीत. चांगलं असतं तर सांगितलं असतं की. हे म्हणतात, सगळ्यायलेच असं बलावते. पण शर्टाची बटणं चुकीची लावली यांनी.
आत्या विचारते, "वाईट निंगालं तं?"
चैतूला वाटतं बाळ आणायला निघालो. "मले बी ने." नवा फ्रॉक घालून मागितला. घातला. दाराला टेकून बसली आहे.