रामाकोन्याच्या विहिरीचे अर्धे पाणी

मी, शकुंतला केशवराव कळंबे, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सौंसर, जिल्हा छिंदवाडा, हे लिहायला बसले याचे कारण असे की गेल्या सोमवारी रामाकोन्याच्या माझ्या शेतातील मोटारीच्या खोलीला मी कुलूप लावले आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव कुलपासाठी आला होता, आणि तेव्हा मी वाकले. पती वारले, मूलबाळ नाही, म्हणून माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. सौंसरचे राहते घर आणि रामाकोन्याचा संत्र्याचा बगीचा धाकटा भाऊ यशवंतराव यास. घरात पक्षाचे कार्यालय उघडू नये. ओसरीवर चपलांचा ढीग मला जिवंतपणी पुरेसा झाला.

२. पाटल्या भावजय इंदू हिला. दिल्लीला गेली तरी ती दर उन्हाळ्यात येऊन माझ्या कुरडया घालून देते. तिच्याबद्दल मी जे जे बोलले ते मागे घेते, एक सोडून. ते तिला ठाऊक आहे.

३. वडिलांचा काळा कोट यशवंतालाच. रामाकोन्याचा सरपंच झाला तेव्हा तो त्याला ढगळ होत होता. तालुक्याच्या जनपद पंचायतीचा अध्यक्ष झाला तेव्हा नीट बसला. आमदार होऊन भोपाळला गेला तोवर बटणे लागेनाशी झाली, आणि दोन वर्षांपूर्वी राज्यसभेत गेला तो दिल्लीत शिवलेला कोट घालून. आई लवकर गेल्यामुळे त्याला मी वाढवले. आमदारकीपर्यंतची त्याची भाषणे माझ्या हातची आहेत. लोक मला ‘साहेबाची ताई’ म्हणतात. मला ते आवडते, आजही.

४. विहीर. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, ती एकट्या माझ्या नावावर आहे, पण ती खणली शेजारचे दादाजी डोंगरे आणि त्यांच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांनी. मजुरी घेतली नाही; बदल्यात अर्धे पाणी दादाजींच्या शेताला, असे ठरले. यशवंताने सरपंचकीच्या पहिल्या सभेत ते जाहीर केले. वाक्य माझे होते. दादाजींचा मुलगा श्रावण याची संत्र्याची झाडे त्याच पाण्यावर उभी आहेत.

यंदा पंचायतीत यशवंताचा माणूस पडला. सोमवारी दिल्लीहून ट्रंक कॉल आला.

“ताई, वस्तीनं आपल्या माणसाले पाडलं. श्रावण घरोघरी फिरत होता. मोटारीच्या खोलीले कुलूप लाव.”

“झाडं ताणावर आहेत, यशवंता.”

“म्हणून त सांगून राहिलो.”

डिसेंबरात पाणी तोडून झाडे ताणावर सोडतात आणि जानेवारीत पाणी दिले की ती फुलतात, हे तो लहानपणापासून जाणतो. पाणी वेळेत मिळाले नाही तर बहर जातो, पुढे झाडही. मी फोन ठेवला, दुपारच्या बसने गेले, फ्यूज काढले आणि कुलूप लावले. श्रावण बांधावर उभा होता. त्याने राम राम केला. मी केला नाही.

सबब विहिरीचे अर्धे पाणी व मोटारीचा अर्धा हक्क माझ्या मृत्यूनंतर श्रावण दादाजी डोंगरे याचा.

५. शोकसभा घेऊ नये. यशवंताला बोलायची फार इच्छा झाली तर भाषण त्याने स्वतः लिहावे.

वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर मी वाचून दाखवला. श्रावण आणि त्याची बायको मनकर्णा यांना मुद्दाम बोलावले होते. चौथे कलम संपल्यावर मला वाटले, ते काही चांगले बोलतील. मनकर्णा म्हणाली, “म्हनजे बाई, झाडाईले पानी पायजे त आमी तुमच्या मरनाची वाट पायाची का?”

“गप ना व,” श्रावण म्हणाला.

“गप काहून? तब्येत त चांगली दिसून राहिली बाईची.”

साक्षीदार गुणवंता हसले आणि लगेच खोकले.  खरे कारण मला ठाऊक होते: मृत्यूनंतर दिले म्हणजे यशवंताचा चेहरा पाहावा लागणार नव्हता. त्याला मी वाढवले आहे. त्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. दुसऱ्याची झाडे वाळताना मात्र मी बघितली असती.

म्हणून चौथ्या कलमातील शेवटचे वाक्य रद्द केले आहे. त्याखाली माझी व साक्षीदारांची सही आहे. अर्ध्या विहिरीचे दानपत्र उद्या सौंसरच्या रजिस्ट्रारकडे करून देईन. यशवंताला मीच कळवीन. दिल्लीचा कॉल लावून ठेवला आहे. पहिले आणि तिसरे कलम कायम आहे. तो रागावला तरी कायम राहील.

सही: शकुंतला के. कळंबे

साक्षीदार: १. गुणवंता बोबडे, सेवानिवृत्त शिक्षक, सौंसर (सही)
२. रघुनाथराव घाटोडे, शेतकरी, रामाकोना (सही)

सौंसर, दिनांक २२ जानेवारी १९८४

ताबा: मोटारीच्या खोलीची किल्ली आणि काढून आणलेले तिन्ही फ्यूज मनकर्णा श्रावण डोंगरे हिच्या हाती दिले. दुसरी किल्ली नाही. हे देताना मी हयात होते, याला वरील दोघे साक्षीदार आहेत.